पेठेतला वाडा सावरणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात (१८०७) शिरलं की नजर सुरूच्या झाडासारख्या घडवलेल्या खांबांवरून वर केळफुलांच्या नक्षीकडे जाते. जुन्या वाड्यांचं कौतुक बहुतेक तिथंच संपतं. तुम्ही आमच्या ओसरीत आलात ते खाली वाकून खांबाचा पाय शोधायला लागलात. तो फरशीखाली होता आणि दुखणंही तिथंच होतं. त्यासाठी हे जाहीर आभार.

सागवानी खांब जमिनीत पुरलेला नसतो. ओल लाकडापर्यंत पोचू नये म्हणून तो दगडी तळखड्यावर उभा करतात. पुढे कुणीतरी ओसरीत कोबा घालतं, वर फरशी येते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा बुंधा ओलीत सापडतो. तेलरंगामुळे वरून खांब ठणठणीत दिसतो. बुंध्यात टोच्याचं टोक सहज आत गेलं की खरं कळतं. तुम्ही तळखडे उघडे केलेत, तुळईला टेकू दिलेत, जॅक थोडाथोडा चढवलात. एका दमात चढवला असता तर माडीचे सांधे उकलले असते. कुजका भाग तिरका कापून तिथं जुन्याच सागाचा तुकडा बसवलात. सांधा खांबाच्या रुंदीच्या तिप्पट लांब, आणि खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. सुतारदादांनाही नमस्कार सांगा.

पण जास्त आभार भिंतीचे. जोत्यावर भाजकी वीट, तिच्यावर लाकडी चौकटीत पांढरी माती, अशी ही भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आणखी वर चढून भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं गाठते, क्षार गिलाव्यामागे साठतात आणि सिमेंट सुटताना विटेचा पापुद्राही घेऊन पडतं. त्यावर उपाय म्हणून लोक पुन्हा सिमेंटच लावतात!

तुम्ही ब्रेकर न लावता छिन्नी-हातोडीने सिमेंट काढलंत, विटांमधल्या दरजा अर्धा-पाऊण इंच खरवडल्यात आणि आमची घाई न जुमानता भिंत वाळू दिलीत. चुन्याची कळी विरवून तीन आठवडे पाण्याखाली ठेवली. न विरलेला खडा गिलाव्यात राहिला तर नंतर फुगून पोपडा उडवतो. एक घमेलं चुना, एक सुर्की म्हणजे भाजक्या विटेची पूड, दोन धुतलेली वाळू, आणि कातरलेला ताग. गूळ-हिरड्याचं पाणी बेताचंच, कारण गूळ जास्त झाला की गिलावा आळायला वेळ लावतो. भिंत भिजवून अर्ध्या इंचाच्या आतले थर दिलेत, वर ओली गोणपाटं. उन्हात चुना वरवर वाळतो पण घट्ट होत नाही, हे तुमच्या पोरांनाही पाठ आहे.

वर प्लास्टिक पेंट लावायचा नाही, नुसता चुन्याचा हात, ही तुमची ताकीद लक्षात आहे. खांबांना बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, पुसल्यावर चिंध्या बोळा करून न टाकता पसरून वाळवायच्या, नाहीतर आपोआप पेटतात, हेही. लाकडाच्या घरात ही सूचना फार मोलाची.

माजघराची मागची भिंत अजून सिमेंटखालीच आहे. दिवाळीनंतर ओल उतरली की या. तोवर तिला कुणी हात लावणार नाही.

आपली,
वाड्यातली सगळी मंडळी