काकू, तुम्ही नाही म्हणालात म्हणून

आदरणीय काकू,

आईसाठीच्या कादंबरीचं रेकॉर्डिंग परवा संपलं. म्हणजे जवळजवळ संपलं, त्याचं शेवटी सांगतो. पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितोय, कारण गेले सहा महिने जो भेटेल त्याला मी 'आवाज सापडत नाही'चं रडगाणं ऐकवलंय. आता सापडला कसा, तेही त्यांना कळू दे.

आईला वाचता येईनासं झालं तेव्हा तिने एकच कादंबरी मागितली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. हरिभाऊंच्याच 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून हप्त्याहप्त्याने आलेली, यमूने स्वतःच्या तोंडून सांगितलेली तिची कहाणी. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच, की वाचणार कोण.

तुमच्याकडे आलो ते तुम्हीच वाचावं म्हणून. आकाशवाणीवर इतकी वर्षं निवेदन केलेली बाई दोन गल्ल्या सोडून राहत असताना आणखी कुठे जायचं? तुम्ही चहा टाकलात आणि गाळायच्या आत नाही म्हणालात. "माझ्या आवाजाला बातम्यांची इस्त्री झालीय रे. यमू अशी बोलेल का?"

मी हिरमुसलो, हे आता कबूल करतो. मग तुम्ही मी जमवलेले नमुने ऐकायला घेतलेत. प्रत्येकीला मी केशवपनाचा प्रसंग वाचायला दिला होता, कारण कस तिथेच लागणार असं मला वाटलेलं. नऊच्या नऊ जणी रडल्या होत्या. तिसऱ्या नमुन्याला तुम्ही फोन पालथा घातलात. "इथे कुणीही रडेल. घरातल्या साध्या बोलण्याचं एखादं पान दे, आणि बघ कोण कंटाळा येऊ देत नाही." आणि निघता निघता म्हणालात, "यमू हे सगळं सांगायला बसलीय तेव्हा तिचं रडून झालेलं आहे." सहा महिन्यांत मला एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. लहानपणीच्या प्रकरणांत काहीजणी बाळबोल आवाज काढत होत्या, तेही का खटकत होतं ते त्या वाक्याने उलगडलं. बोलतेय ती मोठी यमूच.

नंतरच्या शनिवारी तुमची ती जुनी प्रत निघाली. १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची, टिंबांनी गजबजलेली : 'मीं', 'तें', 'नाहीं', 'घरांत'. माझ्या भाच्याने हौसेने संगणकी आवाजाकडून एक पान वाचून घेतलं होतं. त्याने प्रत्येक टिंब इमानेइतबारे नाकातून काढलं. यमूला बारमाही सर्दी! तुम्ही हसून बेजार झालात, आणि मग पेन्सिल घेऊन बसलात. ही टिंबं डोळ्यांसाठी, जिभेसाठी नव्हेत, हे मला ठाऊक होतं. पण 'घरांत' म्हणजे एका घरात की अनेक घरांत, हे मागच्या ओळीवरून ठरवूनच तोंड उघडायचं, हे नव्हतं ठाऊक. 'जरा'चंही तसंच. 'जरा थांब'मधला ज वेगळा आणि म्हातारपणाच्या अर्थाचा 'जरा' वेगळा, लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. चाळीस पानांवर तुमच्या बारीक खुणा आहेत. पुढे आमचं आम्हाला जमायला लागलं.

आणि मग ती सापडली. तुमच्या भिशीतली! "तिला वाचायला लावू नकोस, आधी बोलताना ऐक," म्हणून तुम्ही मला त्या सोमवारी बोलावून घेतलंत. मी कोपऱ्यात साबुदाण्याची खिचडी खात बसलो, आणि ती बाई सिलिंडर वेळेवर न आल्याची हकिकत सांगत होती. पंधरा मिनिटं. कुणाचाही चमचा वाजला नाही. पुढे कळलं, की ती सासूबाईंना चातुर्मासात रोज दुपारी पोथी वाचून दाखवायची. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा, ते तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

कादंबरीतल्या शंकरमामंजींचं काय करायचं यावर आपलं वाजलं होतं. मला घोगरा, खलनायकी आवाज हवा होता. तुम्ही म्हणालात, आवाज यमूचाच ठेव, फक्त त्यांच्या वाक्यांची गती कमी कर. मी हट्टाने दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. घोगऱ्यावर आई हसली. संथ आवाजावर म्हणाली, "बंद कर जरा, मेल्याचा राग येतोय."

आई रोज एकच प्रकरण ऐकते. दुसरं लावू का विचारलं तर नको म्हणते, उद्यासाठी राहू दे.

शेवटच्या प्रकरणात मागे कुकरची शिट्टी आलीय, ते पुन्हा करायचंय. तेवढं झालं की शनिवारी तुमची प्रत घेऊन येतो. बाइंडिंग सुटलं होतं, ते करून घेतलंय. पेन्सिलीच्या खुणा पुसल्या नाहीत.

तुमचा,
दोन गल्ल्या पलीकडचा