पडद्यावर दिसणारा क्रमांक पूर्ण आणि खरा हवा

महोदय,

गोव्यातील अनेक इस्पितळे, पतसंस्था आणि खाजगी कार्यालये आता इंटरनेटवर चालणारी दूरध्वनी यंत्रणा वापरू लागली आहेत. त्यामुळे खर्च वाचतो, हे खरेच. परंतु तेथून लावलेला फोन समोरच्याच्या मोबाईलवर कोणत्या क्रमांकाने उमटतो, हे यंत्रणा बसवताना क्वचितच कोणी तपासून पाहतो.

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईंना एका इस्पितळातून आलेला फोन घेता आला नाही. पडद्यावर +९१ नंतर गोव्याचा ०८३२ हा विभागीय संकेतांक शून्यासकट उमटला होता आणि त्यावर उलट फोन काही केल्या लागेना. तपासणीची वेळ बदलल्याचे त्यांना इस्पितळात जाऊन पोचल्यावरच कळले. दूरध्वनी क्रमांक लिहिण्याच्या ई.१६४ या आंतरराष्ट्रीय मांडणीनुसार देशाचा संकेतांक लावला की आरंभीचा शून्य गळतो, म्हणजे +९१ ८३२ आणि पुढे सात आकडे एवढेच उरायला हवे. काही यंत्रणा तर +९१ आणि शून्य दोन्ही गाळतात. मग उरलेला दहा आकडी क्रमांक आठने सुरू होणाऱ्या मोबाईलसारखा दिसतो आणि फोन गोव्यातल्याच कार्यालयाचा आहे, हे ओळखायला काही खूणच राहत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की, इंटरनेटवरून फोन जोडण्याच्या एसआयपी या पद्धतीत फोन लावणारी यंत्रणा जोडणीच्या संदेशातील ‘फ्रॉम’ (कोणाकडून) या ओळीत स्वतःचे नाव आणि क्रमांक स्वतःच लिहून पाठवते. दूरसंचार कंपनीने पडताळलेला क्रमांक ‘पी-असर्टेड-आयडेंटिटी’ या वेगळ्या ओळीत असतो. कंपनीने पहिली ओळ न तपासता पुढे सोडली, तर बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा क्रमांक दाखवून कोणीही फसवू शकतो. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पासून इंटरनेट जाळ्यावरील फोनच्या क्रमांकाला डिजिटल स्वाक्षरी जोडणे बंधनकारक झाले. आपल्याकडे दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेली यंत्रणा भारतीय क्रमांक दाखवून येणारे बनावट फोन अडवते व ती अत्यंत उपयुक्त आहे, मात्र ती परदेशातून येणाऱ्या फोनपुरतीच आहे.

म्हणून ज्या ग्राहकाला जे क्रमांक दिले आहेत, त्यांच्याव्यतिरिक्त दुसरा क्रमांक ‘फ्रॉम’ ओळीत आल्यास तो फोन कंपनीने आपल्या दारातच अडवावा किंवा त्यावर ग्राहकाचा मूळ क्रमांक घालावा. राज्य सरकारनेही आपल्या खात्यांसाठी अशी यंत्रणा खरेदी करताना निविदेत एक अट घालावी: देयक चुकते करण्यापूर्वी प्रत्येक जोडणीवरून वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाईलवर फोन लावून पाहावा, आणि पडद्यावर उमटलेल्या क्रमांकावर उलट फोन केल्यास तो त्याच कार्यालयात लागतो, याची लेखी नोंद घ्यावी.

– एक वाचक, डिचोली