बाबांचा पाय आणि आपली उघाडी

मुंबई, गणपतीनंतरचा दुसरा रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा आईशी बोलत होते तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, "सांग तिला, रक्तदाबाची गोळी बंद केल्यापासून पाय हलका वाटतो." ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फोनवर समजवायला गेले की बाबा "बरं, बरं" म्हणतात नि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितेय. आई, चष्मा लावून मोठ्याने वाच. मधलं गाळू नकोस.

बाबा, विसर्जनाच्या रात्री तुम्ही ओटीवर पाय सोडून बसला होतात. मी सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला, आणि तो बुजायला आरतीची दोन कडवी जातील एवढा वेळ लागला. तेव्हा तुम्ही विचारलंत, "पायात उतरलेलं रक्त वर चढतं तरी कसं गं?" मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही मखर सोडायला उठलात. आता ऐका.

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. हृदय मुठीएवढं, वजन पाव किलोच्या थोडं वर. ते एका ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर ढकलतं, मिनिटाला सत्तर ठोके धरले तर पाच लिटर होतात. म्हणजे सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. उजवी बाजू फुप्फुसांकडे पाठवते, तिथून प्राणवायू घेऊन आलेलं रक्त डावी बाजू रोहिण्यांतून सगळीकडे धाडते. पण केसाहून बारीक वाहिन्यांतून, जिथे तांबड्या पेशींना एकामागून एक जावं लागतं, रक्त पार होतं तेव्हा त्यातला जोर जवळजवळ सरलेला असतो. मग पायातून छातीपर्यंत चढवायचं कोणी? पोटऱ्यांनी. पाऊल टाकलं की पोटरी आवळते आणि शीर पिळून रक्त वर सरकवते.

सरकलेलं परत खाली का येत नाही, हे खारेपाटातल्या माणसाला मी काय सांगणार? बाहेरकाठ्यातली, म्हणजे खाडीकडच्या बांधातली, आपली दारांची उघाडी आठवा. भरतीचं पाणी रेटलं की दारं आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी ती ढकलून खाडीत जातं. पायाच्या शिरांत अशाच झडपा आहेत, ठिकठिकाणी.

खोटं वाटत असेल तर हात खाली सोडा. मनगटाकडून कोपराकडे जाणारी फुगीर शीर एका बोटाने खालच्या टोकाला दाबून धरा. दुसऱ्या बोटाने त्यातलं रक्त वर निपटत न्या आणि ते बोट उचला. तेवढा तुकडा चपटाच राहील, वरचं रक्त खाली यायचं नाही. खालचं बोट काढलंत की भरेल. विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली पुस्तक छापून हेच दाखवलं. तोवर तिकडचे वैद्य शेकडो वर्षं समजत होते की रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जिरून जातं. त्याने हिशोब मांडला: अर्ध्या तासात हृदय जेवढं ढकलतं तेवढं तर अंगात नसतंच, तेव्हा तेच रक्त फिरत असलं पाहिजे.

आता तुमचा पाय. चाळीस पावसाळे चिखलात उभं राहून झडपा सैल झाल्या असतील. उघाडीचं दार कुजलं की शेतात पाणी तुंबतं, तसं. किंवा ती गोळीच असेल. तुमच्या पाकिटावर अमलोडिपिन लिहिलंय, आणि तिने काहींचे पाय सुजतात. हृदय किंवा मूत्रपिंडामुळेही सूज येते. बघून ओळखता येत नाही, तपासावं लागतं. गोळीने सूज येत असेल तर डॉक्टर दुसरी देतील. पण तुम्ही परस्पर बंद केलीत, आणि पाय हलका झाला म्हणून खूश आहात!

दाब वाढलेला कळत नाही, बाबा. उधाणाचं पाणी बांधाला टेकून असतं तेव्हा बांध काही बोलत नाही. खांड पडते तेव्हाच कळतं, आणि त्या वर्षी आपलं भात कसं गेलं ते तुम्हीच सांगता. इथे खांड मेंदूतल्या वाहिनीला पडते.

आई, तुझंही आहे. हिमोग्लोबिन नऊ, बायकांना निदान बारा हवं. लोहाच्या गोळ्या आठ दिवस घेऊन "काही फरक नाही" म्हणून डब्यात टाकल्यास ना? तांबडी पेशी एकशेवीस दिवस जगते. नवं रक्त भरायला महिने लागतात. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबाच्या सरबताबरोबर घे. आणि हिमोग्लोबिन कमी का झालं, तेही डॉक्टरांना विचारू. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवायचं, यावर मी आता काही बोलत नाही. भांडणच होईल.

शनिवारी सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरते. दाब मोजायचं यंत्र आणते, बाबा, पाच मिनिटं गप्प बसायची तयारी ठेवा. सोमवारी तिघं अलिबागला डॉक्टरांकडे जाऊ; तोवर गोळी पुन्हा सुरू करायची का, ते उद्याच त्यांना फोन करून विचारा. रात्री पायाखाली उशी घ्या. मध्येच एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला किंवा धाप लागली तर सोमवारची वाट बघायची नाही, शेजाऱ्यांची रिक्षा काढायला लावायची.

जिताडा मिळाला तर घेऊन ठेवा. खारवलेले बोंबील मात्र माझ्यासाठी तळू नकोस, आई. मी ताटात घेतले की बाबाही घेतात.

तुमची,
धाकटी