बिलं एकाच्याच डोक्यात नकोत

संपादक महोदय,

घरखर्चाच्या नोंदींविषयी आपण छापलेला लेख वाचला. जपानच्या पत्रकार मोतोको हानी यांनी १९०४ साली काढलेल्या घरगुती हिशेबाच्या वहीचं, म्हणजे 'काकेइबो'चं, त्यात कौतुक होतं आणि रोजचा खर्च रोज लिहा असा सल्लाही होता. सल्ला चांगलाच आहे. पण खर्च लिहायचा तो पैसे गेल्यावर. माझ्या घरात गोंधळ उडाला तो अजून जायच्या असलेल्या पैशांचा.

वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, विमा, घराचा हप्ता, सगळं गेली बावीस वर्षं मीच भरत आले. एकही बिल उशिरा गेलं नाही, हे मी आल्यागेल्याला ऐकवत असे. वही नव्हती, सगळं डोक्यात. मध्यंतरी एका शस्त्रक्रियेसाठी मी तीन आठवडे रुग्णालयात होते आणि ते डोकंही माझ्याबरोबर तिकडेच होतं.

विजेचं बिल खात्यातून आपोआप वजा होतं, हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं. घाबरून त्याने ते पुन्हा भरलं. ते पैसे बुडाले नाहीत, पुढच्या बिलात जमा दिसले. इंटरनेटचं आपोआप जातं एवढं मात्र त्याला माहीत होतं, म्हणून तिकडे त्याने पाहिलंच नाही, आणि नेमकं तेच तुटलं. ज्या कार्डावरून पैसे जायचे त्याची मुदत त्याच महिन्यात संपली होती. नवं कार्ड पाकिटातून बाहेरही काढलेलं नव्हतं, कंपनीकडे जुन्याचीच नोंद. 'रक्कम वजा होऊ शकली नाही' हा संदेश आला माझ्या मोबाइलवर, आणि मोबाइल माझ्या उशाशी बंद पडलेला. पाण्याचं बिल तर माझ्या ईमेलमध्येच राहिलं. खात्यात पैसे असून दंड भरला, याची चुटपुट अजून गेलेली नाही.

घरी आल्यावर आडवी आखलेली वही घेतली. एका ओळीत एक बिल: ग्राहक क्रमांक, बिल कधी येतं, शेवटची तारीख, कुठल्या खात्यातून जातं, आपोआप की हाताने, कोणी भरलं. 'भरलं' अशी नुसती खूण चालत नाही, पावतीचा क्रमांक लागतो. तक्रार करायची वेळ आली तर खुणेला कोणी विचारत नाही. शेवटची तारीख मी मुद्दाम चार दिवस अलीकडची लिहिते, कारण मध्ये सुट्टी आली की आज भरलेले पैसे आजच पोचतील याचा भरवसा नसतो. पासवर्ड वहीत नाहीत. ते कुठे आहेत, एवढं दोघांना माहीत आहे.

लिहायला बसल्यावर बऱ्याच गोष्टी उघड झाल्या. २८ दिवसांची मुदत असलेला मोबाइलचा रिचार्ज 'महिन्याचा' म्हणून माझ्या डोक्यात बसला होता. वर्षात तो १२ नव्हे, १३ वेळा करावा लागतो. विजेच्या एका बिलावर रीडिंग सरासरीने लावलेलं होतं. बिल कमी आलं म्हणून मी खूश झाले होते, पण प्रत्यक्ष रीडिंग झाल्यावर फरक पुढच्या बिलात निघालाच. विम्याचा हप्ता वर्षातून एकदा येतो आणि दरवर्षी अचानक आल्यासारखा वाटतो. आता त्याचा बारावा भाग दरमहा बाजूला पडतो. आणि मुलाने 'महिनाभर फुकट' म्हणून घेतलेली एक सेवा! दोन वर्षं तिचे पैसे मुकाट जात होते. सुरू करायला एक बटण पुरलं, बंद करायला अर्धा तास शोधावं लागलं.

मुलगा म्हणतो, वही कशाला, ॲप आहे की. असेलही. पण ते त्याच्या मोबाइलमध्ये असणार, म्हणजे पुन्हा एकाच्याच खिशात. ॲप घ्यायचं तर घरातल्या दोघांना तरी उघडता आलं पाहिजे, एवढीच माझी अट.

आमची चूक आम्ही सुधारली, पण बिलं पाठवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. आपोआप वजावट फसली की त्याची सूचना एकाच क्रमांकावर जाते. ती व्यक्ती आजारी असली, प्रवासात असली, किंवा राहिलीच नाही, तर घरच्यांना कळतं ते थेट सेवा तुटल्यावर. दुसऱ्या एखाद्या क्रमांकावरही ती सूचना जावी. त्यासाठी अर्जात फक्त एक रकाना वाढवावा लागेल.

आपली,
एक वाचक