शेजारच्या बोटीवरच्या काकांना

काका,

नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघडं पत्र. आम्ही दोघं जेनेकर (मंद वाऱ्यात बोटीच्या पुढे लावायचं मोठं, फुगीर शीड) डेकवर पसरून एकमेकांवर खेकसत होतो, तेव्हा तुम्ही धक्क्यावर येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "मी एकाही दोराला हात लावणार नाही. तुम्हीच बांधा."

खरं सांगतो, राग आला होता.

आमचा आधीचा पराक्रम तुम्हाला सांगितलाच नव्हता. पहिल्या खेपेला हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) फोरस्टेच्या, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेच्या, मागून घेतलं होतं. शीड वर गेलं आणि फोरस्टेला वेढे घालून त्याचा चक्क डमरू झाला. उतरवायला तासभर लागला. तेव्हापासून मागून मंद वारा आला की आम्ही मुकाट्याने इंजिन सुरू करायचो.

तुम्ही आम्हाला प्रत्येक दोराचा रस्ता बोटाने दाखवायला लावलात. हॅलयार्ड डोलकाठीच्या टोकावरून फोरस्टेच्या पुढे. दोन्ही शीट (शिडाचा मागचा कोपरा ताणायचे दोर) रेलिंगच्या बाहेरून पिछाडीच्या कप्पीपर्यंत, त्यातली एक फोरस्टे आणि शिडाची पुढची कड यांच्याही पुढून वळसा घालून. त्यासाठी प्रत्येक दोर बोटीच्या दुप्पट लांब हवा, म्हणजे आमच्या 8 मीटरच्या बोटीला 16 मीटर. मी 10 मीटरचे आणले होते! शीटच्या टोकाला गाठ मारू नका, हे तुम्ही तीनदा बजावलंत. वेळ आली तर दोर सुटून जाऊ दे म्हणालात. कारण विचारायचं धाडस झालं नाही, पण नंतर आपोआप कळलं.

गेल्या रविवारी मागून 8 नॉटचा, म्हणजे ताशी 8 सागरी मैलांचा, वारा होता. नुसत्या जिब-मेनसेल या नेहमीच्या दोन शिडांवर त्याच दिशेने 4 नॉटने पळालं की शिडाला वारा जाणवतो तो 4 नॉटचाच, आणि जोर उरतो चौथाई. म्हणून वारा अगदी पाठीवर न घेता तिरका घेतला. मेनसेलच्या आडोशाला शीड सॉकमध्येच (त्याच्या लांब कापडी पिशवीतच) वर चढवलं आणि हिने सॉकची दोरी ओढली. आधी नुसती सळसळ झाली, मग एकदम 'फट्' करून कापड फुगलं. तुम्ही सांगितलं होतं तशी शीट इंच इंच सैल केली. पुढची कड जरा आत मुडपली, तिथेच थांबलो. लॉगवर (वेगमापकावर) साडेचार नॉट. आम्ही दोघं बराच वेळ बोललोच नाही.

वारा 12 वर गेल्यावर शीट सोडली, सॉक खाली ओढला. दोन मिनिटांत सगळं डेकवर. भांडण नाही.

काका, तुम्ही दोर हातात घेतला असता तर आम्ही नुसते बघत राहिलो असतो. मनापासून आभार. आणि हो, पिछाडीची ती कप्पी तुमची आहे. परत द्यायची राहिली. सध्या तिथेच बांधलेली आहे. भेटलो की आधी मागून घ्या.

तुमचे,
शेजारच्या बोटीवरचे दोघं