गोष्टीचा तास तुझ्याकडेच ठेव

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बालवाडी दुसऱ्यावर सोपवून पूर्णवेळ शिक्षणावर लिहायचं म्हणतेस. जरूर लिही. फक्त वर्ग पुरता सोडू नकोस, एवढंच माझं मागणं आहे.

गिजुभाई बधेका तुला नवे नाहीत. वकिली करणारा हा माणूस. 1913 साली मुलगा झाला, आणि याला शिकवायचं कसं, या काळजीतून ते माँटेसरींच्या विचारापर्यंत पोचले. 1916 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, 1920 मध्ये तिथे बालमंदिर काढलं. मारझोड नाही, धाक नाही. गोष्टी, गाणी, नाटकं, बागकाम. त्यांनी मुलांसाठी, पालकांसाठी, शिक्षकांसाठी भरभरून लिहिलं ते या मुलांमध्ये राहून.

त्यांचं ‘दिवास्वप्न’ पुन्हा काढून वाच. त्यातला मास्तर चौथीचा वर्ग मोठ्या उमेदीने मागून घेतो. पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो. पोरं दंगा करतात, मास्तर हैराण. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, तेव्हा कुठे वर्ग हाती येतो. पुस्तक कल्पित आहे, पण ती फजिती घरात बसून कोणाला सुचेल असं मला वाटत नाही. म्हणून तर आजही नवा शिक्षक ते पान वाचून सुटकेचा श्वास टाकतो.

भावनगरला त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे पालघरकडच्या बोर्डीला आणि मग कोसबाडला आल्या. तिथल्या वारली आदिवासींची पोरं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. तर शाळाच कुरणात नेली. अनुताई वाघ याच कामात वाढल्या आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ लिहिलं. टेकडीवरचं रोजचं काम होतं, म्हणून ते पुस्तक झालं.

तेव्हा असं कर. हिशोब, प्रवेश, पालकसभा, सरकारी कागद, सगळं खुशाल सोपव. त्यात तुझा फार जीव जातो हे मी पाहते आहे. गोष्टीचा तास मात्र रोज तूच घे. मुलं गेल्यावर लगेच टिपण कर, रात्रीवर ढकलू नकोस. पोरांचे नेमके शब्द तोवर निसटतात. शिक्षण खात्याच्या धोरणावरचे लेख नंतरही होतील.

महिनोन्महिने गप्प बसणारा तो मुलगा परवा कोल्ह्याच्या गोष्टीत मध्येच बोलला, असं फोनवर सांगत होतीस. काय बोलला, कोणाकडे बघून बोलला, बाकीच्यांनी काय केलं, ते आधी लिहून मला पाठव. त्याचं नाव तेवढं बदल.

तुझी,
आई