शालूच्या लेकीला उचलावं की नाही

सोलापूर, रविवार दुपार

प्रिय शालू,

सलाम. तुझा लांबलचक मेसेज उपासनेला निघताना वाचला आणि सगळं प्रवचनभर तोच डोक्यात होता. फोन केला असता, पण तुझ्या मांडीवर लेक आणि माझ्यामागे दोन पोरं, आपलं एक वाक्य धड पुरं होत नाही. म्हणून लिहायला बसले.

तर तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या नव्या आईबापांच्या वर्गात सांगितलं की चार महिन्यांच्या मुलीला घड्याळ बघून पाजायचं, मध्ये रडली तर रडू द्यायचं, रात्री वेगळ्या खोलीत निजवायचं, आणि हे सगळं म्हणे पवित्र शास्त्राप्रमाणे. वर तुझ्या सासूबाईंचं, "उचलू नकोस, अंगाची सवय लागेल." दोन खोल्यांच्या घरात ही वेगळी खोली कुठली, एवढं तरी विचारायचंस त्या वर्गात!

ते घड्याळ शास्त्रातलं नाही गं, कॅलिफोर्नियातलं आहे. गॅरी एझो आणि त्यांच्या पत्नीने तिथल्या मंडळ्यांमधून ही शिकवण पसरवली. मूल आल्यावर घर मुलाभोवती फिरू नये, मुलाने घराच्या शिस्तीत यावं, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. पण तो तान्ह्याच्या दुधापर्यंत नेला की पंचाईत होते. 1998 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच सावध केलं होतं, की घड्याळावर पाजल्याने बाळाचं वजन नीट न वाढण्याची भीती असते, अंगातलं पाणी कमी होऊ शकतं. भुकेची खूण दिसली की पाजावं. आणि मूल जवळ ठेवा, अंगावर वागवा, मागेल तेव्हा पाजा असं सांगणारे डॉ. विल्यम सिअर्स, तेही ख्रिस्तीच. म्हणजे दोन्हीकडे बायबल उघडं आहे. तुझ्या वर्गात एकच बाजू आली.

आता शास्त्रात काय आहे म्हणशील, तर लूक 11 काढ. मध्यरात्री मित्र भाकरी मागायला येतो, आणि आतला माणूस म्हणतो, दार लावलंय, मुलं माझ्याजवळ निजलीत, उठता येत नाही. प्रभू येशू हा दाखला प्रार्थनेबद्दल सांगतो, मुलांच्या झोपेबद्दल नाही, हे कबूल. पण ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही बापाजवळ मुलं निजलेली असण्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडायची तेव्हा आजीच्या कुशीत शिरायला आपण भांडायचो, तसलंच घर ते.

मग यशया 66 वाच. तिथे पोट भरेपर्यंत पाजणं आहे, कडेवर घेणं आहे, मांडीवर खेळवणं आहे, आणि लगेच पुढे देव म्हणतो की आई समजूत घालते तसा मी तुमची समजूत घालीन. होशेय 11 मध्ये तो एफ्राइमाला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, चालायला शिकवतो, हाताला धरतो. मार्क 10 मध्ये शिष्य आया-बापांना दटावतात आणि येशू मुलांना कवेत घेतो, डोक्यावर हात ठेवतो. लांबून आशीर्वाद देता आला असता की. सवय लागेल म्हणून देवाने कोणाला खाली ठेवल्याचं निदान मला तरी कुठे सापडलं नाही.

'छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो' हे नीतिसूत्र वर्गातले लोक नक्की काढतील. नीतिसूत्रांतला मुलगा बोलणं कळणारा आहे, बापाचं ऐकणं-न ऐकणं त्याच्या हातात आहे. चार महिन्यांची पोर रडून बंड करत नाही, तिला एवढीच भाषा येते. आता ही कडक शिस्त एझोंनी काढली असंही नाही. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना हिने 1732 मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की तिची मुलं वर्षाची होईस्तोवर छडीला भ्यायला आणि हळू रडायला शिकलेली असत. तिने एकोणीस मुलं जन्माला घातली, त्यातली नऊ तान्हेपणीच गेली. त्या बाईला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण तिचं पत्र म्हणजे शास्त्र नव्हे.

एक गोष्ट मात्र उलट्या बाजूचीही ऐक. एका बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन आयांचा शलमोन राजाने न्याय केला, ती गोष्ट आपण तलवारीपासून सांगतो, पण ती सुरू कुठे होते? एक आई झोपेत बाळावर लोळली आणि बाळ गेलं. तो धोका टाळायलाच डॉक्टर आज सांगतात: बाळ तुमच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण त्याच्या स्वतःच्या सपाट, घट्ट अंथरुणावर, उताणं. उशी नको, गोधडी नको. आपली सोलापुरी चादर तर मुळीच नको, ती जड असते. तू थकून पाजता पाजता झोपतेस म्हणालीस, तर सोफ्यावर बसून पाजू नकोस. तिथे डोळा लागणं सगळ्यात वाईट.

आणि ही जवळीकसुद्धा कायदा होऊ देऊ नकोस, शालू. आमच्या मंडळीत कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, बायका येतात. मजुरी हजार विड्यांमागे. मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, आणि बाळ शेजारी साडीच्या झोळीत, पायाने झोका. तंबाखूची धूळ म्हणून आई मुद्दामच त्याला मांडीपासून लांब ठेवते. पाजायच्या आधी हात धुते, पदर झटकते. तिला जाऊन सांग की दिवसभर बाळ छातीशी बांधून ठेव! महिला मंडळात मी असली व्याख्यानं ऐकली आहेत, बोलणाऱ्या बाईच्या घरी दोन कामवाल्या होत्या.

शमुवेल संदेष्ट्याची आई हन्नाही आठवते मला. शमुवेलाचं दूध तुटेपर्यंत ती यात्रेला गेली नाही, नवऱ्याला सरळ सांगितलं, आणि एलकाना म्हणाला, तुला बरं वाटेल ते कर. (असे नवरे शास्त्रातही थोडेच.) मग दूध तुटल्यावर तिने त्याला मंदिरात नेऊन सोडलं. दोन्ही तिनेच केलं. सासूबाईंना म्हणावं, सवय लागते तशी सुटतेही; इसहाकाचं दूध तुटलं तेव्हा अब्राहामाने मोठी मेजवानी दिली होती.

उपासनेत पाजायची लाज वाटते असंही लिहिलंयस. 2014 च्या जानेवारीत सिस्टिन चॅपलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनीच आयांना सांगितलं की बाळं भुकेली असतील तर इथेच पाजा. आपण कॅथलिक नाही, पण एवढं उसनं घ्यायला हरकत नाही. मागच्या बाकावर बस, पदर घे, पाज.

ईस्टरनंतर लेकीला देवाला समर्पण करायची तारीख ठरली की कळव, मी सोलापुराहून सकाळच्या गाडीने येईन, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन. आणि हे पत्र तुझ्या नवऱ्यालाही दे. मार्टिन लूथरने 1522 मध्ये विवाहावर लिहिताना म्हटलंय की बाप बाळाचे लंगोट धूत असेल तर लोक त्याला हसतील, पण देव आणि सगळे देवदूत आनंदाने हसत असतात. तुझा नवरा वर्गात पहिल्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होता ना, हेही उतरवून घे म्हणावं.

तुझी,
सोलापूरची